सत्काराची कुस्ती

आईशप्पत सांगतो रं, असली कुस्ती येळ्ळुरात कवा झाली न्हवती! आपला मष्णूअण्णा बसऱ्याच्या लढाईवरनं परत आलता. उजवा हात तिकडंच ठेवून आलता, पण आलता. मग गाव गप बसतंय व्हय? हलगी लावून बैलगाडीतनं मिरवला त्येला, आणि त्येच्या मानासाठी कुस्त्या लावल्या.

आणि शेवटच्या कुस्तीत अनगोळच्या त्या भावकूला, त्या रेड्याला, मी चितपट केलं! लोकं नुसती नाचत हुती.

अण्णाच्या शेजारी खुर्चीवर लष्करभरतीचा जमादार बसलेला. त्येनं माझं दंड चाचपलं, छातीवर थाप मारली. आप्पाला म्हणाला, "गडी पायजे तर असा! ऐतवारी बेळगावच्या छावणीत घेऊन या ह्येला."

"आणतो की, सरकार!" मला न इचारताच आप्पा बोलून गेला. तिकडं बायकांच्यात हुबारलेली आई मटकन खालीच बसली.

मग जिंकल्याचा फेटा बांधायला मष्णूअण्णा उठला. एकच हात, म्हणून फेट्याचं टोक दातात धरून बांधाय लागला. लोकं टाळ्या वाजवत हुती आणि मी तर हवेतच हुतो रं! बांधून झाल्यावर अण्णानं टोक सोडलं आणि माझ्या कानाजवळ वाकला. मला वाटलं, आशीर्वाद देतोय.

 

"गेल्या खेपेला लढाईवरनं परत आलेल्या जोतिबाचा असाच सत्कार झालता, बाळा. ती कुस्ती मी मारलीती."