गिरिजाबाईचं कार्ड

१९४८ साल. कळंबच्या कापसाच्या जिनिंगच्या शेटजींनी गावातल्या पोरांना पाट्या वाटल्या आणि दर शुक्रवारी, निजामी राज्यातल्या सुटीच्या दिवशी, शिकवायचं काम आम्हा कारकुनांना लावलं. नाव त्यांचं, सुटी आमची! पण बारा वर्षांची रुद्रम्मा तीन महिन्यांत जोडाक्षरं वाचायला लागली, तेव्हा छाती माझीच फुगली.

शाळा सुटली की तिची आई गिरिजाबाई पदराआड लपवलेलं एक कार्ड घेऊन यायची. तिचा थोरला लेक रेवणप्पा निजामाविरुद्ध लढायला सरहद्दीवरच्या कॅम्पात गेला होता, तिथून आलेलं. पहिल्या दिवशी मी जे वाचून दाखवलं, तेच दर शुक्रवारी रुद्रम्मासमोर वाचायचो.

आज तिनं कार्ड लेकीच्या हातात दिलं. "आता घरातच वाचणारी हाय की. मास्तरांना किती तरास द्यायचा?"

मी कार्ड घ्यायला हात पुढं केला. रुद्रम्मानं कार्ड मनातल्या मनात वाचलं. एकदा माझ्याकडं बघितलं.

मग 'रेवणप्पा गोळी लागून गेला' या ओळीवर बोट ठेवून ती मोठ्यानं वाचू लागली, "आई, म्या खुशाल हाय. काळजी करू नगंस..."