पहिल्या नंबराची मेजवानी

“पहिला नंबर काढ, मेलेआने, की हे मोठं डुक्कर तुझ्या नावानं भट्टीत!” फिलिमोनेनं रविवारी चर्चबाहेर सगळ्या गावादेखत पोरीला सांगून टाकलं. आता माघार नव्हती. टोंगातल्या वावाऊ बेटावरच्या त्या गावात मोठं डुक्कर कापायचं ते लग्नाला, मयताला, नाहीतर पाद्रीबाबा जेवायला आले तर. अकरा वर्षांच्या पोरीसाठी ते आजवर कुणी कबूल केलं नव्हतं.

त्या दिवसापासून मेलेआने वही घेऊन डुकरांच्या कुंपणाशीच बसायला लागली. एक गणित सोडवायचं, मूठभर खोबरं आत टाकायचं, मग दुसरं गणित.

“बघ, बक्षिसावरची नजर हटत नाहीये,” फिलिमोने बायकोला म्हणाला. “आत्तापासूनच तोंडाला पाणी सुटलंय.”

निकाल लागला. दुसरा नंबर! शेवटचं गणित तिनं कोरंच सोडलं होतं. पहिली आली शेजारची पोर, आणि तिला तर बापानं साधी कोंबडीसुद्धा कबूल केली नव्हती. फिलिमोनेला दोन दिवस जेवण गोड लागेना.

मग त्याची थोरली बहीण ओफा आली. टोंगात भावाच्या घरी बहिणीचाच शब्द शेवटचा. तिच्यापुढे फिलिमोनेही मान खाली घालून बसला.

“एका डुकरावर कोण राबेल रे, चिंगूस?” ती म्हणाली. “माझी दोन त्यात धर. मेलेआने, वर्षअखेर जो पहिला येईल त्यालाच राजधानीतल्या मोठ्या शाळेत जागा आहे. त्याआधी आता ही एकच परीक्षा उरलीय. घराण्याचं नाक कापू नकोस!”

“हो, आत्या.”

या खेपेला चौथा नंबर आला. लाविनियाबाई पेपर घेऊन घरीच आल्या.

“फळ्यावर ही माझ्या चुका काढते,” बाई कळवळून म्हणाल्या, “आणि पेपरात तीन गणितं कोरी!”

फिलिमोनेनं कपाळावर हात मारला. ओफानं पोरीला समोर बसवलं. बापाला टोलवता येतं, आत्याला नाही.

“येत नव्हती गणितं?”

“येत होती.”

“मग? गेल्या खेपेला एकच सोडलंस, आणि आता तीन?”

मेलेआनेचे डोळे भरून आले.

“गेल्या खेपेला डुक्कर एकच होतं ना, आत्या.”