शालनच्या बाजूचं दार

लग्नमंडपासमोर गाडी थांबली. श्रीपतराव उतरले, वळसा घालून आले आणि त्यांनी बायकोच्या बाजूचं दार उघडलं. सुटे भाग मागवून त्यांनी स्वतः अंगणात जोडलेल्या या गाडीचं ते दार आतून उघडतच नसे.

"शालन, नशीब काढलंस गं," जाऊ म्हणाली. "आमचे हे वळूनसुद्धा बघत नाहीत."

श्रीपतराव मात्र ओशाळले. आपल्या हातच्या कामात अशी खोट राहावी? रविवारी अख्खं दार खोलून त्यांनी आतलं हँडल दुरुस्त केलं आणि शालनला शेजारी बसवलं.

"आता उघड बघू."

शालननं हँडल ओढलं. दार अलगद उघडलं. तिनं ते परत लावून घेतलं आणि तशीच बसून राहिली.

"अगं, उतर की!"

"तुम्ही या की फिरून," ती म्हणाली. "मला काही घाई नाही."