पिवळी पट्टी

"आणि मास्कची पट्टी?" सासरेबुवांनी दारातून विचारलं.

"घातली, बाबा. पिवळी."

"घाल बाई. दर खेपेला कुणाची ना कुणाची तुटतेच."

पेटी टेबलावर उघडी होती. समुद्रात खोल बुडी मारणाऱ्यांचं काही बिघडलं तर बोटीवर लागेल ते सगळं तिच्यात होतं: पाने, पेचकस, श्वासाच्या नळीचं तोंडात धरायचं जास्तीचं रबर, पायात घालायच्या रबरी पंखांची बकलं. सगळ्यात नाजूक काम हवेच्या टाकीच्या रबरी कड्यांचं. प्रत्येक कडी सून डोळे मिटून अंगठ्यावरून फिरवायची. डोळ्यांना न दिसणारी चीर बोटाला लागते, हे तिला नवऱ्याने स्वतःची पेटी भरताना शिकवलं होतं.

नवरा बोटीवर वाटाड्या होता. तो गेला तो पाण्यात नव्हे, घरातच, साध्या तापाचं निमित्त होऊन. त्यानंतर ती भिंतीकडे तोंड करून बसायची. कुणी वाढलं तर जेवायची, नाही तर तेही नाही. मग एका सकाळी सासरे धक्क्यावरून आले आणि म्हणाले, "बोटवाले अडून बसलेत. म्हणतात, पेटी सूनबाईच्याच हातची हवी." ती उठली आणि कड्या पुसायला बसली. पेटी न्यायची-आणायची ती सासऱ्यांनी.

वर्षभरापूर्वी पेटी परत आली, तेव्हा पट्टीच्या कप्प्यात पट्टी नव्हती. निळ्या काचेचा तुकडा होता, लाटांनी घासून गोटीसारखा गुळगुळीत झालेला. पुढच्या खेपेला शिंपला आला. मग पांढऱ्या रेघेचा खडा. दर खेपेला एक पट्टी जायची आणि तिच्या जागी काहीतरी यायचं.

"कोण ठेवतं हो हे?" तिने एकदा आडून आडून विचारलं होतं.

"मला काय ठाऊक? बोटीवर छप्पन्न लोक."

दुपारी ती काच डोळ्याला लावून पडायची. खोली निळी व्हायची, पडदा पाण्यातल्या गवतासारखा डुलायचा, आणि त्या निळाईतून कुणीतरी सावकाश पोहत तिच्याकडे यायचं. मास्कची पट्टी पिवळी, चेहरा मात्र दिसत नसे. सुतावरून स्वर्ग गाठतात, तिने पट्टीवरून अख्खा माणूस उभा केला होता: कमी बोलणारा, रुंद हातांचा. मग नवऱ्याच्या फोटोकडे नजर गेली की तिला लाज वाटायची. तरीही पुढच्या पेटीकडे तिचे डोळे लागलेलेच असायचे.

यावेळी तिने पट्टीला लाल दोऱ्याची गाठ मारली होती. गाठ ज्याच्या डोक्यावर दिसेल, त्याच्याशी बोलायचं. कुणीच नाही दिसलं, तर काच, शिंपले, खडे, सगळं समुद्रात टाकायचं आणि पुन्हा भिंतीकडे तोंड करायचं. तिचं ठरलं होतं.

"आज पेटी मी नेते," ती म्हणाली.

सासरे दचकले. "तू? छे! वजन बघ तिचं. आणि ऊन काय कमी आहे?"

"बरं, राहिलं."

ते चाचपडत टेबलाभोवती फिरले. "माझा चष्मा कुठे गेला?"

"कपाळावर आहे. काखेत कळसा अन् गावाला वळसा!"

"मेला वाकलं की पडतो," कुरकुरत त्यांनी पेटी सायकलला बांधली आणि निघाले.

दुपार कलल्यावर तिने ठेवणीतले कपडे घातले. नवरा गेल्यापासून ती धक्क्यावर आली नव्हती. पाय भरभर पडत होते.

बोट लागली. ओलेचिंब लोक हसत-खिदळत उतरले. मास्क कुणाच्या कपाळावर, कुणाच्या गळ्यात. सगळ्यांच्या पट्ट्या काळ्या. शेवटचा माणूस उतरला, त्याचीही काळीच.

"वहिनी! किती दिवसांनी!" बोटवाल्याने तिला ओळखलं.

"पेटी..." तिच्या तोंडून कसंबसं निघालं. "सुट्या भागांची. बाबांनी सकाळी आणून दिलेली."

"आमची पेटी तर बोटीवरच असते, वहिनी. पहिल्यापासून." तो गोंधळला. मग त्याने पलीकडच्या खडकांकडे हात केला. "काका तिकडे असतील बघा. येतात नेहमी. बोट परत आली तरी एकटेच तिथे असतात."

ती खडकांना वळसा घालून गेली. वाळूत तिची पेटी उघडी होती. गुडघ्यापर्यंत विजार दुमडून सासरे पाण्यात ओणवे उभे होते. एकेक शिंपला उचलून उन्हात निरखत होते, मनास न आलेला परत टाकत होते. वाकल्यावर चष्मा पडू नये म्हणून त्यांनी तो डोक्यामागून पिवळ्या पट्टीने आवळला होता, आणि पट्टीवरचा लाल दोरा वाऱ्यावर हलत होता.