कोमलमचा ताल

मैलापूरच्या सभागृहात गाणं सुरू झालं, तेव्हा नीला घाईघाईनं आली आणि पंचापकेशन यांच्या डावीकडच्या खुर्चीवर बसली. नीला म्हणजे त्यांच्या बायकोची, कोमलमची, धाकटी बहीण. मार्गळी महिन्यातल्या, म्हणजे डिसेंबर-जानेवारीतल्या मैफलींना ती खुर्ची कोमलमची असायची. यंदा ती रिकामीच राहावी, असं त्यांना वाटत होतं.

त्यांचा उजवा हात मांडीवर ताल धरू लागला. आधी टाळी, मग बोटं. तालशास्त्रावर त्यांचं पुस्तक होतं. गाणारे अडले की पहिल्या रांगेतल्या याच हाताकडे बघत. डावा हात मात्र खुर्चीच्या दांड्यावर नुसता पडून होता.

कोमलम तालात चुकायची. चाळीस वर्षं चुकली. पहिलंच गाणं सुरू झालं की तिची टाळी भलतीकडेच पडायची. मागच्या रांगेत हशा पिकायचा. "पुस्तक लिहिलंत, पण घरात आठ मात्रा शिकवता आल्या नाहीत होय?" कँटीनमध्ये कोणीतरी टोमणा मारायचंच. म्हणून टाळी चुकली रे चुकली की पंचापकेशन डाव्या हातानं तिचा हात पकडायचे आणि मैफल संपेपर्यंत दाबून धरायचे. मग तो हात निमूट पडून राहायचा.

घरी जाताना ते म्हणायचे, "खेड्यातल्या माणसांना ताल कुठून कळणार!" पुढच्या मैफलीला ती पुन्हा त्यांच्या डावीकडे येऊन बसायची. तिला जाऊन अकरा महिने झाले होते. हे वाक्य परत घ्यायची आता सोय नव्हती.

गाणं अवघड जागी आलं. ताल धरून बसलेली अर्धी रांग चुकली. नीलाची टाळी मात्र नेमकी समेवर पडली.

गाणं संपल्यावर त्यांनी विचारलं, "तू कुठं शिकलीस?"

"मामाकडे. देवळात मृदंग वाजवायचा ना तो. आम्ही दोघी शिकलो. मी रडतखडत. अक्काला एकदा सांगितलं की पुरे व्हायचं."

"काहीतरीच काय! चाळीस वर्षांत तिची एक टाळी धड पडली नाही."

नीला व्यासपीठाकडेच बघत राहिली.

"भावोजी, धड पडली असती, तर तुम्ही चारचौघांत तिचा हात धरला असतात?"