दुसऱ्या गटातली आई

भिंतीवरचं यंत्र काढायला प्राध्यापक पलंगावर चढले तेव्हा ताई म्हणाली, "आधी चपला काढ."

प्राध्यापकांनी चपला काढल्या. त्या पलंगावर आता कुणी झोपणार नव्हतं, गादीसुद्धा गुंडाळून झाली होती. पण ताईशी वाद घालून त्या घरात आजवर कुणी जिंकलं नव्हतं. बाहेर हे गृहस्थ हवामानशास्त्रातलं मोठं नाव. उष्णतेने म्हातारी माणसं कशी दगावतात यावर बोलायला त्यांना परिषदांची बोलावणी येत, आणि तिथला एसी इतका कडक असे की उकाड्यावर ते स्वेटर घालून बोलत.

यंत्र काड्यापेटीएवढं. खोलीतलं तापमान आपलं आपण टिपत बसायचं, एवढंच त्याला येई. आई गेली त्या दुपारी वीज गेली होती. पंखा बंद, फ्रीज बंद. यंत्राला स्वतःची बॅटरी होती.

"किती होतं?" ताईने विचारलं.

"काय?"

"त्या दुपारी. इथे."

प्राध्यापकांनी आकडा सांगितला. ताईने उशीचा अभ्रा ओढून काढला, झटकला, घडी घातली.

"एवढा ताप आपल्याला असता तर ती आपल्या उशाशी बसून पट्ट्या बदलत राहिली असती," ती म्हणाली. "खोलीला आला, तर कोण बसणार."

प्राध्यापकांचं संशोधन तसं साधं होतं. एकटी राहणारी म्हातारी माणसं गोळा केली आणि चिठ्ठ्या टाकून त्यांचे दोन गट पाडले. कडक उन्हाच्या दिवशी पहिल्या गटाला विभागातून फोन जाई : पाणी पीत राहा, खिडकीला ओली चादर लावा, गरगरलं तर शेजारी हाक मारा. दुसऱ्या गटाला फोन जात नसे. फोनने माणसं वाचतात की नाही, हे कळायला दुसरा मार्ग नाही. आईने त्यात हट्टाने नाव घातलं. "गावभरच्या म्हाताऱ्या तुझ्या अभ्यासात आणि मीच तेवढी परकी होय?" चिठ्ठी निघाली ती दुसऱ्या गटाची. विभागातल्या लोकांनी सुचवून पाहिलं, सर, घरचं माणूस आहे, वगळू या. सर म्हणाले, चिठ्ठी ती चिठ्ठी.

एरवी ते आईला रोज फोन करत. कडक उन्हाच्या दिवशी तेवढा करत नसत.

"तिला सगळं कळायचं," ताई म्हणाली. "म्हणायची, त्याचा फोन आला म्हणजे आज हवा बरी आहे. नाही आला की समजायचं, आज काही खरं नाही."

प्राध्यापकांचे हात यंत्रावरच राहिले. इतक्या वर्षांत संशोधनातली ही चूक कुणाच्याही ध्यानात आली नव्हती. फोन न करणं हासुद्धा फोनच झाला होता, आणि तरीही त्याने काही वाचलं नव्हतं.

"मी नाही केला, ते नाही केला," ते म्हणाले. "पण तू तरी करायचा होतास."

"केला होता. त्याच सकाळी. म्हटलं, रिक्षा पाठवते, माझ्याकडे ये. तर म्हणाली, फोन ठेव आधी. मी दुसऱ्या गटातली आहे. तुझ्यापायी त्याचं सगळं मुसळ केरात जाईल."

"आणि तू ठेवलास?"

ताईने दुसरी उशी घेतली. तिचाही अभ्रा काढला. ही घडी काही केल्या नीट येईना.

"ठेवला," ती म्हणाली. "शेजारची बाई दुपारी सरबत घेऊन आली होती. तिला आई दारामागूनच म्हणाली, उद्या ये गं, आज नको."

यंत्र निघालं. भिंतीवर त्याच्याखालचा रंग अजून नवा होता. प्राध्यापक खाली उतरले आणि गुंडाळलेल्या गादीवर टेकले. खिडकीबाहेर समोरच्या गच्चीवर ऊन नुसतं पडून होतं. उद्या ते याहून वाढणार होतं. हे त्यांच्याइतकं पक्कं कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांनी मोबाइल काढला.

"कुणाला?" ताईने विचारलं.

"ज्यांना करायचा नाही त्यांना."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना."

"मग तुझी ती एवढ्या वर्षांची मेहनत?"

तोवर पलीकडे कुणीतरी उचलला होता. म्हाताऱ्या पुरुषाचा आवाज, घोगरा, जरा धापा टाकणारा.

"आजोबा, विद्यापीठातून बोलतोय. उद्या ऊन फार आहे. पाणी पीत राहा, आणि दुपारी—"

"थांबा, थांबा. चुकून लावलात तुम्ही. मी दुसऱ्या गटातला."

"माहीत आहे, आजोबा."

"माहीत आहे कसलं? नवीन दिसताय. आम्हाला करायचा नसतो. तुमच्या साहेबांना कळलं तर खैर नाही. फार कडक माणूस, तुमच्यातलीच एक मुलगी सांगत होती. सख्ख्या आईलाही फोन करत नाही म्हणे."

ताई प्राध्यापकांकडे पाहत होती. मग ती उशा पाहू लागली.

"पाणी प्या, आजोबा," ते म्हणाले. "आत्ता. मी थांबतो फोनवर."

पलीकडे भांडं खडखडलं. मग घोट घेतल्याचा आवाज आला, आणखी एक आला, आणि म्हातारा एकदम कुजबुजत्या आवाजात बोलू लागला.

"प्यायलो. भल्या मनाचे दिसता तुम्ही. पण तुमचं नाव तेवढं सांगू नका. साहेबांनी विचारलंच, तर मला खोटं बोलता येत नाही."