निशाणीची सदाफुली

सटाण्याहून निघाल्यापासून हबीबचाचांनी पाण्याची बाटली मांडीवरून खाली ठेवली नव्हती.

"अब्बा, मागच्या सीटवर ठेवा ना ती," गाडी चालवता चालवता नौशाद म्हणाला.

"असू दे. झाड जिवंत असलं तर त्याला प्यायला लागेल."

मुलानं गाडीचा वेग वाढवला. ऐन उन्हाळ्यात मोरीत पाय घसरून अब्बांचं खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा त्यानंच त्यांना नाशिकहून आपल्याकडे सटाण्याला नेलं होतं. आता दिवाळी तोंडावर आली होती. पाऊस लागेपर्यंत त्या झाडाला कुणी घोटभर पाणी घातलं असेल, असं दोघांनाही वाटत नव्हतं.

झाड म्हणजे सदाफुली. जैतुनबीच्या, चाचांच्या बायकोच्या, कबरीवरची. नाशिकच्या त्या कबरस्तानात पक्की कबर बांधायला मनाई होती. मातीचा उंचवटा एक-दोन पावसाळ्यांत जमिनीला टेकतो आणि ओळख पुसली की काही वर्षांनी तिथंच दुसऱ्यासाठी खोदतात. जागा कमी, माणसं जास्त. यात कुणाचा दोष नाही. पण आपली जैतुन अशी हरवावी, हे चाचांना सोसण्यासारखं नव्हतं. जन्मभर जिच्याशी भांडलो, तिच्याशी गोडीनं बोलायला आता कुठे सवड मिळाली, असं ते म्हणत.

कबरस्तानाची राखण करणारा उमर सायखेड्याकडचा. त्यानं दफनाच्या दिवशीच सांगून ठेवलं होतं, "चाचा, नावं काय माझ्या ध्यानात राहत नाय. झाड लावा. झाड हाय तोवर तिथं कुदळ पडणार नाय."

चाचांनी गुलाब लावला, तो करपला. मोगरा रुसला. मग घरच्या कुंडीतलं गुलाबी सदाफुलीचं रोप नेऊन लावलं. हिला खत नको, लाड नकोत; पाणी जास्त झालं तरच काय ती कुजते. दर शुक्रवारी नमाजानंतर ते जात, बेतानं पाणी घालत, शेंडे खुडत. वाळलेल्या शेंगा बोटांनी चुरडून बी आजूबाजूला उधळून देत. शेजाऱ्यांना तेवढीच दुवा, असं त्यांना वाटायचं.

फाटकाशी गाडी थांबली. चाचांनी एका हातात बाटली घेतली, दुसऱ्यात काठी.

"अब्बा, समजा झाड नसलं तर..."

"नसलं तर मी बसू कुठं, ते सांग."

समोरून उमर आला. खांद्यावर कुदळ होती. चाचांना बघून त्याचा चेहरा उजळला.

"लय दिवसांनी आलात चाचा. झाडाचा घोर लागला असंल ना? लय जोमात हाय. चला, बघा."

चाचांचे डोळे भरून आले. अल्लाहचे आभार मानत, काठी टेकत ते पाण्याच्या टाकीला वळसा घालून आत गेले, आणि थांबले.

पावसानं जुने उंचवटे सपाट केले होते. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गुलाबी सदाफुली फुलली होती. सगळी झुडपं एकसारखी, गुडघ्याएवढी.

"दुपारी एक मय्यत यायची हाय," कुदळ खाली टेकवत उमर म्हणाला. "चाचींची जागा तेवढी दाखवा, ती सोडून खोदतो."